स्मरण कोणाचे, साक्ष कोणाची

न्यायशास्त्राने ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन वर्ग पाडले, त्यांपैकी यथार्थ अनुभवालाच तेवढे 'प्रमा' म्हणून मानाचे आसन दिले आणि स्मृतीला, ती नवे काही सांगत नाही, पूर्वी मिळालेलेच पुन्हा हजर करते, या सबबीवर त्या पंक्तीतून उठवले. हा फैसला तर्काच्या दरबारात बिनतोड असेल. परंतु एखादा लोकप्रिय वैद्य निवर्ततो आणि त्याचे स्नेही, सहकारी व रुग्ण त्याच्या आठवणी सांगू लागतात, तेव्हा ज्यांनी त्याला कधी पाहिलेच नाही अशा आपल्यासारख्यांजवळ या उठवलेल्या स्मृतीवाचून दुसरे साधन तरी काय उरते?

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचेच उदाहरण घ्यावे. 1938 च्या सप्टेंबरात राष्ट्रसभेने (काँग्रेसने) जपानशी लढणाऱ्या चीनला धाडलेल्या वैद्यकीय पथकात पाच जण होते : स्पेनच्या यादवीत काम करून आलेले प्रमुख डॉक्टर अटल, नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, बसू, मुखर्जी आणि नुकतेच मुंबईच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेले कोटणीस. चौघे परतले, कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी हबेइ प्रांतातील एका खेड्यात अपस्माराच्या झटक्यांनी वारले, तेव्हा त्यांना बत्तिसावे वर्ष संपून दोनच महिने झाले होते. त्यांना ज्यांनी जवळून पाहिले ते बहुतेक आपल्या भाषेचे नव्हते, धर्माचे नव्हते. डॉक्टर बसूंनी दैनंदिनी ठेवली, ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परिचर्या शिकवणाऱ्या कुओ छिंगलान यांनी कोटणीसांना प्रथम पाहिले ते चीनच्या मदतीला आलेले कॅनडाचे शल्यवैद्य डॉक्टर बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात, आणि चिनी भाषेत बोलणारा, चिनी गाणी म्हणणारा, थट्टामस्करी करणारा हा हिंदी तरुण त्यांच्या मनात भरला. पुढे त्या त्यांच्या पत्नी झाल्या.

न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी आप्ताचे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा त्याचे, जे लक्षण केले आहे ते येथे स्मरणीय आहे. वस्तू जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू, असे ते स्पष्ट म्हणतात. तेव्हा सांगणाऱ्याच्या ठायी जी निव्वळ स्मृती, तीच ऐकणाऱ्याच्या पदरी पडताच शब्दप्रमाण होते. आणि चिनी परिचारिकेची साक्ष सोलापूरच्या बालमित्राच्या साक्षीपेक्षा शास्त्रतःही कमी मोलाची ठरत नाही. साक्षीला विवेकाची चाळण मात्र हवीच. कोटणीसांनी 1940 च्या लढायांत सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या ही हकीकत इतक्या मुखांतून फिरली आहे, की तिला आता आख्यायिकेचे तेज चढले आहे. मला स्वतःला त्या तासांपेक्षा, अपस्माराचे झटके येऊ लागल्यावर, मागे जाऊन उपचार घ्या असा आग्रह होत असतानाही ते कामावर रुजू राहिले, ही हकीकत अधिक बोलकी वाटते. कारण तीत वीराबरोबर एक हट्टी रुग्णही दिसतो, आणि रुग्ण म्हणून वैद्य किती अवघड असतो हे कोणत्याही रुग्णालयात विचारून पाहावे.

पण प्रश्न याहून खोल आहे. आपण अशा माणसाला 'अमर' म्हणतो. चित्रपट-दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी 1946 साली कोटणीसांवर चित्रपट काढला तेव्हा त्याच्या नावातही हे विशेषण आले. शंकराचार्यांनी क्षणिकवादी बौद्धांचे खंडन करताना स्मृतीचाच आधार घेतला : काल ज्याने पाहिले तोच आज स्मरतो, म्हणून पाहणारा व स्मरणारा एक, आणि म्हणून आत्मा स्थिर. युक्तिवाद प्रबळ आहे. परंतु नीट पाहिल्यास त्यावरून सिद्ध होते ते स्मरणाऱ्याचे सातत्य, स्मरलेल्याचे नव्हे. बसूंच्या आठवणीने बसूंचा आत्मा सिद्ध होईल. कोटणीसांविषयी ती एवढेच सांगेल की असा एक मनुष्य होता. मित्रांच्या स्मृतीत दिवंगत जगतो हे वचन सांत्वनापुरते ठीक, तत्त्व म्हणून ते टिकत नाही. आणि ते मित्रही एक दिवस जातातच.

मला वाटते, आपल्या परंपरेत याचे उत्तर अमरत्वापेक्षा ऋणाच्या कल्पनेत अधिक प्रामाणिकपणे सापडते. चीनमध्ये असतानाच कोटणीसांना पित्याच्या निधनाची वार्ता कळली, आणि सहकाऱ्यांनी परतण्याचा सल्ला दिला तरी ते परतले नाहीत. पितृऋणाचा विधी राहून गेला, असे कर्मठ म्हणेल. परंतु 1941 मध्ये ज्या बेथ्यून रुग्णालयाचे ते प्रमुख झाले त्याच्या जोडीच्या विद्यालयात, पाठ्यपुस्तकांचे दुर्भिक्ष्य असताना, ते परक्या भाषेत शल्यशास्त्र शिकवीत होते. आणि घेतलेली विद्या पुढच्याच्या हवाली करणे हीच ऋषिऋणाची फेड आहे. विद्यार्थ्याच्या हाती उतरलेल्या कौशल्याला गुरूचे नाव आठवण्याची गरज नसते. हे स्मृतीहून टिकाऊ असले तरी त्यात व्यक्तीचा लोप होतो, आणि स्मृतीचे खरे काम येथेच सुरू होते : अनाम होऊन वाहत गेलेल्या ऋणावर धनकोचे नाव नोंदवून ठेवणे. महालयाच्या तर्पणात पितरांच्या पाठोपाठ गुरू, शिष्य व आप्त यांनाही पाणी दिले जाते, यामागची दृष्टी हीच असावी. शिजियाझुआंगच्या हुतात्मा-स्मशानभूमीत बेथ्यून यांच्याप्रमाणे कोटणीसांचीही समाधी आहे, आणि चिंगमिंगच्या पर्वात, जेव्हा चिनी कुटुंबे आपापल्या पूर्वजांच्या समाध्या झाडतात, तेव्हा तिच्यावरही फुले वाहिली जातात.

कोटणीसांच्या वाट्याला दैनंदिनी लिहिणारा सहकारी आला. तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे दवाखाना चालवून गेलेल्या डॉक्टरांच्या वाट्याला बहुधा तो येत नाही. त्यांचे कंपाउंडर, त्यांच्या परिचारिका, पावसाळ्यात रात्री त्यांना बैलगाडीतून नेणारे इसम अजून हयात असतील, तर वाचकांनी त्यांच्याकडे जाऊन ऐकावे आणि लिहून ठेवावे. स्तुतीबरोबर डॉक्टरांचा रागीटपणा व विक्षिप्तपणाही लिहावा, आणि सांगणाऱ्याचे नाव खाली अवश्य घालावे.