जतनाचे कर्तव्य : स्थिर संकेतस्थळाच्या निमित्ताने

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा परवाना व्यापक स्वातंत्र्य देतो. संहिता वाचावी, बदलावी, बदललेली पुन्हा वाटावी. तिची देखभाल कोणी करावी, हे मात्र तो सांगत नाही. उलट कोणतीही हमी नाही, असेच सहसा त्यात नमूद असते. अधिकार सर्वांचा आणि कर्तव्य कोणाचेच नाही, या स्थितीतून एक नैतिक प्रश्न उद्भवतो. अशा प्रकल्पाच्या स्थिर संकेतस्थळात तो विशेष स्पष्टपणे दिसतो.

स्थिर संकेतस्थळ म्हणजे आधीच तयार करून ठेवलेल्या पानांचा संच. सर्व्हर प्रत्येक वाचकासाठी नवे पान रचीत नाही. ठेवलेले पान जसेच्या तसे देतो. म्हणून ते चालविण्यास स्वस्त आणि बिघाडास कमी वाव देणारे असते. परंतु 'स्थिर' या विशेषणाने एक भ्रम निर्माण होतो. पान बदलत नाही. त्याभोवतीचे जग बदलते. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते आणि जुनी सूचना अक्षरशः तशीच राहून चुकीची ठरते, दुवे तुटतात, डोमेनचे नूतनीकरण राहून जाते. संदर्भ बदलला की न बदललेल्या वाक्याचाही अर्थ पालटतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही.

सामायिक संहितेच्या जतनाची दोन उत्तरे मराठी परंपरेत गोदाकाठीच आढळतात. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढे कोणी तीत स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या नावावरील अभंगांपैकी त्यांचे स्वतःचे कोणते आणि मागाहूनचे कोणते, हे आज निश्चितपणे वेगळे करता येत नाही. पहिल्या उत्तरात संहिता सुरक्षित राहते, पण दार बंद होते; दुसऱ्यात दार उघडे राहते, पण आत आलेल्याची नोंद उरत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्मिलेले 'गिट' हे तिसरे उत्तर म्हणता येईल. त्यात बदल कोणत्या नावाने व केव्हा झाला याची नोंद राहते आणि मागील आवृत्ती परत मिळविता येते.

तथापि, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. नोंद होते ती बदलाची. पान तपासून ते अद्याप बरोबर आहे असे ठरविणाऱ्याच्या श्रमाची बहुधा होत नाही. जनाबाईंच्या संदर्भात लोकस्मृतीने जाते जपले आहे. विठ्ठल त्यांना दळू लागला, ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते. पण ज्याची स्तुती गायिली जाते त्यानेच नित्याच्या कामाला हात लावला, हा तिचा नैतिक आशय आहे. दळण एकदाच दळून संपत नाही.

विनामूल्य देणाऱ्यास आजन्म बांधून घेणे अन्याय्य ठरेल. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा रास्त आहे की, देखभाल थांबविल्यास त्याने तसे पानावर स्पष्ट लिहावे. चुकीचे झालेले पान विश्वसनीय म्हणून उभे ठेवू नये. उर्वरित कर्तव्य वापरणाऱ्याचे आहे. आढळलेली चूक कळविणे, शक्य तर दुरुस्त करून देणे, ही कृतज्ञतेची किमान रूपे होत. संहितेचा कर्ता कोण, याचा शोध समीक्षेने पुष्कळ घेतला; ती आज कोण विश्वासार्ह राखीत आहे, हेही तिने विचारावयास हवे.