पाथरीचे भांडण, सोनपेठची एकजूट

फेब्रुवारी १५९७. गोदावरीच्या काठी, आज परभणी जिल्ह्यात असलेल्या सोनपेठच्या मुलखात, तीन राज्यांच्या फौजा एका सेनापतीच्या हुकमाखाली उभ्या होत्या. विजापूरची आदिलशाही, अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही. सेनापती होता विजापूरचा सुहेलखान. समोर अकबराची फौज होती आणि तिचा सरदार खानखानान अब्दुर्रहीम, म्हणजे दोह्यांचा कवी रहीम.

या तिघांना एका रांगेत पाहणे हीच नवलाची गोष्ट होती. दोनच वर्षांपूर्वी, १५९५ मध्ये, विजापूरच्या फौजेशी लढताना अहमदनगरचा इब्राहिम निजामशाह मारला गेला होता. एकाचा शत्रू तो सगळ्यांचा शत्रू, हा विचार दख्खनच्या दरबारांना फार उशिरा सुचला. त्याची घडण पाहायची तर सोनपेठहून शेजारच्या पाथरी तालुक्यात जावे लागते, आणि काळातही सत्तरऐंशी वर्षे मागे.

निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीच्या कुलकर्ण्यांमध्ये होते, असे फिरिश्ता सांगतो. हा इतिहासकार आधी अहमदनगरला आणि मग विजापूरला चाकरीत होता. त्यामुळे दोन्ही घरांची आतली बातमी त्याच्याकडे होती, आणि दोन्ही घरांचे पूर्वग्रहही. बुऱ्हाण निजामशाहाला पूर्वजांचे गाव आपल्या राज्यात हवे होते. पण पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बदल्यात दुसरा मुलूख घ्या, असे त्याने सुचवले. अल्लाउद्दीन इमादशाह नाही म्हणाला. १५१८ च्या सुमारास बुऱ्हाणने पाथरी लढून घेतली, पुढे इमादशाहाने कुतुबशाहाच्या मदतीने ती परत मिळवली, आणि १५२७ मध्ये बुऱ्हाणने पुन्हा जिंकून तिथला किल्लाच पाडून टाकला. हताश इमादशाहाने गुजरातच्या बहादूरशाहाला हाक मारली. बहादूरशाह आला, आणि बुऱ्हाणला त्याच्या नावाचा खुतबा वाचावा लागला. घरचा तंटा मिटवायला परका आणायचा, ही दख्खनची खोड इथे स्पष्ट दिसते. ती पुढे फार महागात पडली.

एकत्र येण्याचा पहिला मोठा प्रयोग १५६५ चा. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर एकत्र आले. या युतीला ना कचेरी होती, ना कायमचा करारनामा. तिचा शिक्का सोयरिकीचा होता. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहाला दिली, सोलापूरचा किल्ला आंदणात दिला, आणि अलीची बहीण अहमदनगरच्या राजपुत्राला आली. २३ जानेवारीला राक्षसतागडीची लढाई झाली, विजयनगर मोडले. वऱ्हाडचा इमादशाही दरबार मात्र या युतीत नव्हता. पुढच्या नऊ वर्षांतच अहमदनगर आणि विजापूर यांनी आपसात ठरवून घेतले: विजापूरने कर्नाटकात हातपाय पसरावेत, अहमदनगरने वऱ्हाडात. १५७४ मध्ये इमादशाही संपली. शत्रू मोडला की अशी युती उरत नाही, आणि तिच्या बाहेर राहिलेला पहिला बळी ठरतो.

वीस वर्षांनी शत्रू उत्तरेकडून आला, आणि तोही बोलावण्यावरून. इब्राहिम निजामशाहाच्या मृत्यूनंतर अहमदनगरच्या गादीवरून गट पडले. त्यातल्या मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीसाठी पत्र पाठवले. मंजूला पुढे पश्चात्ताप झाला, पण मोगल थांबले नाहीत. १५९५ च्या अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा पडला.

किल्ल्यात चांदबीबी होती. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडाराशी उभी राहिली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिची मुत्सद्देगिरी मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह तिचा पुतण्या. त्याच्या लहानपणी तिने विजापूरचा कारभार पाहिला होता. या नात्याच्या बळावर तिने वैरी दरबाराला आपल्या बाजूला वळवले. सुहेलखान फौज घेऊन निघाला, गोवळकोंड्याची तुकडी त्याला मिळाली, भांडणारे निजामशाही सरदारही आले. मदत येते आहे, ही बातमीच पुरेशी ठरली. १५९६ च्या सुरुवातीला मोगलांनी तह केला. निजामशाही घराण्यातल्या बाल बहादूरशाहाची गादी त्यांनी मान्य केली आणि वऱ्हाड स्वतःकडे घेतले.

आता वऱ्हाड म्हणजे कुठपर्यंत? मोगल अंमलदारांनी पाथरीचा मुलूखही ताब्यात घेतला. ती वऱ्हाडचीच, असा त्यांचा दावा. अहमदनगरचे म्हणणे, पाथरी तहात नव्हतीच. दोन पिढ्यांपूर्वी बुऱ्हाणने इमादशाहाकडून ओढून घेतलेले ठाणे आता दोघांच्या वारसांमधल्या नव्हे, तर दख्खन आणि मोगल यांच्यातल्या वादाचे कारण झाले. ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पाथरीचे नाव आहे, म्हणजे दावा दप्तरात चढला होता. चांदबीबीने पुन्हा हाक दिली, आणि तीन फौजा सोनपेठला आल्या.

लढाईचे ठिकाण फिरिश्ता सोनपेठ देतो, अबुल फझल पाथरीपासून बारा कोसांवरचे आष्टी. सुहेलखानाच्या तोफखान्याने पहिल्या दिवशी मोगलांची मोठी हानी केली. खानदेशचा राजा अलीखान फारुकी ठार झाला. हाही दख्खनचाच राजा, पण लढत होता अकबराच्या बाजूने. अंधार पडला तेव्हा दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटत होते. दख्खनी शिपाई लूट घेऊन पांगले. सकाळी खानखानानने उरलेली माणसे गोळा करून हल्ला केला, जखमी सुहेलखानाला त्याच्या लोकांनी उचलून नेले, आणि एकजूट मोडली.

हार रणांगणावरची होती, पण उणीव त्याआधीची. एका सेनापतीखाली लढायला हे दरबार तयार झाले. एकमेकांचे तंटे एका बैठकीत सोडवायला कधीच नाही. याला मध्ययुगीन मागासलेपण म्हणणे सोपे आहे, पण आजच्या युतींतही जुने तंटे आडवे येतात. १९४९ मध्ये उभ्या राहिलेल्या नाटो या लष्करी युतीकडे कायमची कचेरी आहे, एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला असे लिहिलेले पाचवे कलम आहे. तरी युक्रेनचे युद्ध चालू असताना, मे २०२२ मध्ये फिनलंड आणि स्वीडन यांनी सदस्यत्व मागितले तेव्हा तुर्कस्तान आपल्या जुन्या तक्रारी घेऊन आडवा आला. फिनलंडला एप्रिल २०२३ आणि स्वीडनला मार्च २०२४ उजाडला. फरक इतकाच की ते भांडण टेबलावर झाले. तशी जागा नसल्यामुळे पाथरीचा निकाल प्रत्येक वेळी तलवारीने लागला.

चांदबीबीचा शेवटही याच उणिवेतला. १६०० मध्ये ती मोगलांशी बोलणी करू पाहत होती. ती फितूर झाल्याची आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारले. वेढ्यात अडकलेल्या राज्यात वाटाघाट करणारा आणि फितूर यांत फरक करण्याची सवड कुणाला नसते. काही आठवड्यांतच अहमदनगर पडले.

निजामशाहीचा सरदार मलिक अंबर याने एकजुटीचा विचार पुढे नेला. विजापूरचा पाठिंबा मिळवून त्याने निजामशाही पुन्हा उभी केली. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला तिन्ही राज्यांच्या तुकड्या पुन्हा एकत्र लढल्या आणि हरल्या. १६२४ मध्ये तर विजापूरने मोगलांचा हात धरला, आणि भातवडीला अंबरने दोघांनाही हरवले. विजय मोठा होता, पण युतीचा तो शेवटच म्हणायचा. १६३६ मध्ये शाहजहान आणि आदिलशाह यांनी निजामशाही वाटून घेतली.

‘शत्रू समान म्हणून एकत्र’ याऐवजी ‘मुलूख समान म्हणून एकत्र’ हे पाऊल पडले ते १६७७ मध्ये. शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला, अबुल हसन कुतुबशाहाला भेटले, त्याचा प्रधान मादण्णा पंडित याच्या मध्यस्थीने करार झाला. त्याच सुमारास विजापूरच्या मालोजी घोरपड्यांना लिहिलेल्या पत्रात महाराजांनी दख्खनची सत्ता दख्खनींच्याच हाती राहावी असा मुद्दा मांडला आणि भोसले आणि घोरपडे घराण्यांमधले जुने वैर बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली. सोनपेठच्या फौजांनी जे न बोलता केले, ते इथे प्रथमच धोरण म्हणून कागदावर आलेले दिसते. तरीही कर्नाटकात जिंकलेल्या मुलखाच्या वाटणीवरून कुतुबशाह नाराज झालाच, आणि विजापूर या करारात नव्हते. १६८६ च्या सप्टेंबरात औरंगजेबाने विजापूर घेतले. गोवळकोंडा त्यानंतर वर्षभरच टिकला.