कानाची राखण कोणी करावी?

पेडगावच्या पारावर परवा एक माउली म्हणाली, "महाराज, टीव्हीवर नको नको ते दाखवतात. सरकार बंद का करीत नाही?"

सज्जनहो, प्रश्न रास्त आहे. पण १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखाली अश्लील कार्यक्रमांस मनाई आहेच. मग अडते कुठे?

मागला एक दाखला पाहू. १९५२ साली बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. सिनेगीते हलक्या अभिरुचीची, म्हणून आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद झाली. खड्यांबरोबर गहूही फेकला गेला. लोकांनी काय केले? काटा फिरवला नि रेडिओ सिलोन लावले! अखेर १९५७ साली विविध भारती काढून सरकारनेच ती गाणी परत आणली.

मग कायदा नको काय? तसे नव्हे. लेकराला बरेवाईट निवडता येत नाही. त्याच्यासाठी कुंपण हवेच. पण नुसत्या कुंपणाने पीक येत नाही. काटा गेला, बटण आले. हात मात्र आपलाच राहिला. तो कुठे थांबतो, हे शेजारी बसलेले लेकरू पाहत असते. ती शिकवण कोणते कलम देणार? ती घरातच द्यावी लागते. विचार व्हावा.