मंडप बांधण्याची घाई



आजचं वाचन : मार्क ९:२-८. आधी बायबल उघडून वाचा, मग इथे या.

येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना उंच डोंगरावर नेतो. तिथे त्याचं रूप पालटतं, वस्त्रं लखलखीत शुभ्र होतात, मोशे आणि एलीया त्याच्याशी बोलताना दिसतात. आणि पेत्र काय करतो? लगेच बोलायला लागतो! इथे तीन मंडप बांधू या म्हणतो. मार्कच सांगतो की घाबरल्यामुळे त्याला काय बोलावं ते कळत नव्हतं. (आज असता तर आधी मोबाईल काढला असता.)

मग ढग येतो आणि पित्याची वाणी होते. एवढं तेज समोर असताना पिता ‘बघत राहा’ म्हणत नाही. याचं ऐका, म्हणतो. पण त्या क्षणी तर येशू शिष्यांशी काहीच बोलत नाहीये! मग ऐकायचं काय?

उत्तर मागच्या अध्यायात आहे. सहाच दिवसांपूर्वी येशूने सांगितलं होतं की त्याला दुःख सोसावं लागेल, जिवे मारलं जाईल आणि तो पुन्हा उठेल. ते पेत्राला मुळीच आवडलं नाही, त्याने येशूला बाजूला घेऊन दटावलं. मला वाटतं, वाणीचा रोख तिथेच आहे. तेज बघायला पेत्र तयार होता, वधस्तंभाचं बोलणं मात्र त्याला नको होतं.

मागच्या मे महिन्यात मी युवा शिबिराहून सोलापूरला परतलो. आपल्याकडे डोंगर कुठला, घाट बघायचा तर तुळजापूर गाठावं लागतं. पण त्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेत मी खरंच डोंगरावर होतो. रडलो होतो. ते खोटं नव्हतं, आजही म्हणेन.

घरी आलो त्याच रात्री अकराला एका मित्राचा फोन आला. त्याची नोकरी गेली होती. तो बोलतोय तोवर माझं सुरू झालं : ‘टेन्शन नको घेऊ भावा, प्रभू मार्ग काढेल, मी प्रार्थना करतो.’ वर दोन वचनंही पाठवली. चार मिनिटांत फोन संपला. नंतर कळलं, त्याला खरं तर वडिलांच्या आजाराबद्दल सांगायचं होतं. त्यानंतर तो चर्चला आलेला नाही.

मग प्रश्न असा, की ज्या दर्शनाने माणसाचा कान उघडत नाही, ते दर्शन कोणाच्या कामाचं?

रेव्ह. ना. वा. टिळकांची गोष्ट इथे आठवते. रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी माणसाने त्यांना नवा करार दिला. शब्द दिला म्हणून ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले. तिथे कुठलं तेज नव्हतं, फक्त शब्द होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही साक्ष आपण आनंदाने सांगतो, पण लक्ष्मीबाईंची बाजू घाईने उरकतो. नवऱ्याच्या प्रकाशाच्या दिवसाने त्यांच्या वाट्याला ताटातूट आणि रडणं आलं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचाच. आपल्या डोंगराची किंमत खाली कोण भरतंय, हे त्यात दिसतं.

येशूही डोंगरावर राहिला नाही. खाली उतरला तर एक बाप आजारी मुलाला घेऊन उभा होता. येशूने बरं करण्याआधी त्याला विचारलं, याला हे केव्हापासून होतंय? (मार्क ९:२१) हा प्रश्न मी कितीदा वाचला असेन, पण कधी थांबलो नव्हतो. ज्याला सगळं ठाऊक, तो विचारतो आणि बापाला बोलू देतो.

माझा मित्र जुळे सोलापुरात राहतो. आज संध्याकाळी त्याच्याकडे जाणार आहे. वचन पाठ करून जाणार नाही. त्याचे वडील कसे आहेत, एवढंच विचारायचंय. तो दार उघडेल की नाही, माहीत नाही.

प्रार्थनेत आम्हा दोघांची आठवण ठेवा.