लक्ष्मीचे वाहन

दिवाळी जवळ आली की घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम येते. आमच्या घरी लक्ष्मीच्या तसबिरीची काच पुसण्याचे काम लहानपणापासून माझ्याकडे आहे. तसबीर आजोबांच्या वेळची. देवी कमळावर उभी आहे, दोन्ही बाजूंना हत्ती आहेत, हातातून मोहरा ओघळत आहेत. आणि अगदी खाली, कमळाच्या पानाआड, एक घुबड आहे. चिताऱ्याने ते इतके लहान काढले आहे की, देवीचे वाहन म्हणून काढावे तर लागले, पण कोणाच्या नजरेस पडू नये, असे त्याच्या मनात असावे. कित्येक वर्षे मीही त्याच्याकडे न पाहताच काच पुसत आलो. गेल्या चार वर्षांपासून मात्र माझा हात त्या कोपऱ्यात थबकतो. का थबकतो, ते आज सांगणार आहे. सणाच्या अंकात असले काही लिहावे का, असा प्रश्न मलाही पडला होता. पण ही गोष्ट दिवाळीचीच आहे. दुसऱ्या कोणत्या दिवसांत ती सांगून भागणार नाही.

आमच्या वरूडच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत संत्र्यांच्या बागा पसरल्या आहेत. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची फळे रंग धरू लागतात, व्यापाऱ्यांनी बागा घेऊन ठेवलेल्या असतात, आणि राखणदार रात्री बागेतच खाटा टाकतात. अशाच एका राखणदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. लक्ष्मीपूजनाला तीन दिवस उरले असताना शाळा सुटल्यावर तो माझ्यापाशी रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, आमच्या बाबानं घुबड धरलं. पांढऱ्या तोंडाचं हाय. टोपल्याखाली ठेवलं."

संध्याकाळी मी बागेत गेलो. राखणदाराने आढेवेढे न घेता टोपले जरा उचलून दाखवले. आत गव्हाणी घुबड होते. पत्त्यांतल्या बदामासारखा तो पांढरा चेहरा आणि त्यातले दोन काळेभोर डोळे माझ्याकडे वळले. इतक्या जवळून घुबड मी कधी पाहिले नव्हते. भयाण असे त्यात काहीच नव्हते. एखादे आजारी मूल पाहुण्याकडे पाहते तसे ते पाहत होते.

"कोणासाठी धरलंस?" मी विचारले.

"बाहेरगावचे एक जण आले होते जी. अमावस्येच्या पूजेले पायजे म्हणे. इसार देऊन गेले." मग माझा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "मी मारत नाई गुरुजी. मी तं फक्त धरून देतो. पोरीची फी भरा लागते."

मी त्याला कायदा सांगितला, सोडून दे म्हणालो. "हो जी, सकाळी सोडतो," तो म्हणाला. तो सोडणार नाही हे त्याला ठाऊक होते, मलाही होते. आणि मला ते ठाऊक आहे, हेही त्याने ओळखले होते. मी विश्वास ठेवल्यासारखे केले आणि घरी आलो. खिशात फोन होता. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक मला पाठ होता. शाळेत मीच तो मुलांकडून पाठ करून घेतला होता. मी तो फिरवला नाही.

दुसऱ्या दिवशी टोपले रिकामे होते. पक्षी गिऱ्हाइकाच्या गाडीतून रात्रीच गेला होता. दिवाळीची सुटी संपून वर्ग भरला, तेव्हा त्या मुलाने भर तासाला उभे राहून विचारले, "गुरुजी, लक्षुमीचं घुबड मारलं तं मंग ते येते कशी जी?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "पुस्तकं उघडा."

त्या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधतो आहे. घुबडाशी आपले वागणे मोठे विचित्र आहे. पंचतंत्रातल्या काकोलूकीयात पक्षी घुबडाला राज्याभिषेक करायला निघतात आणि कावळा त्याच्या तोंडाकडे बोट दाखवून तो मोडतो. तेव्हापासून आपण त्याचे तोंडच पाहत आलो. त्याचे काम पाहिले नाही. आपण झोपलेलो असताना शेतातले आणि कोठारातले उंदीर वेचणारा हा राखणदार एक पै घेत नाही. आमच्याकडे म्हातारी माणसे सांगत की घुबडाला दगड मारू नये. ते दगड उचलून पाण्यात टाकते आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजत जातो. लहानपणी मला ही समजूत चांगली वाटे. निदान तिने पक्षी तर वाचतो, असे मी म्हणे. आता तसे वाटत नाही. ज्या भीतीने एकाचा हात आवरतो, तीच भीती दुसऱ्याच्या हातात सुरी देते. घुबडात काही गूढ शक्ती आहे असे एकदा मानले, की तिला टाळणारेही निघतात आणि ती विकत घेणारेही निघतात.

घेणारे किती आहेत, हे २०१० साली ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या अहवालाने दाखवले. देशात घुबडांच्या तीस जाती नोंदल्या होत्या. त्यांतल्या पंधरा चोरट्या बाजारात सापडल्या. दिवाळीच्या तोंडावर ही मागणी वाढते. ज्या रात्री आपण दारात पणती लावून लक्ष्मीची वाट पाहतो, त्याच रात्री कोणी तिच्या वाहनाचा गळा चिरतो, आणि तोही तिलाच प्रसन्न करण्यासाठी!

मग याला योग्य शिक्षा कोणती? कायद्याचे माझे ज्ञान मॅट्रिकच्या पलीकडचे नाही, पण एवढे वाचले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात धरणे हीसुद्धा शिकारच आहे. त्यामुळे 'मी मारत नाही' ही राखणदाराची पळवाट तिथे बंद होते. पहिल्या परिशिष्टातला पक्षी असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय पंचवीस हजारांच्या खाली नाही असा दंड. इतर संरक्षित पक्ष्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही शिक्षा मला जास्त वाटत नाही. पण त्या संध्याकाळी मी मनाशी दुसरेच गणित मांडले. राखणदार आत जाईल, त्याच्या मुलीची शाळा सुटेल, आणि इसार देणारा गृहस्थ दुसऱ्या बागेतला दुसरा राखणदार गाठेल. जाळे धरणारा हात सापडतो. पैसे मोजणारा हात उजेडात येत नाही. असला कायदा गरिबावरच पडतो, असे मी स्वतःला पटवले आणि झोपलो.

युक्तिवाद खोटा नव्हता. पण माझ्या सोयीचा होता. जी दया आपल्याला एक फोनही करू देत नाही, तिच्यात दया किती आणि भित्रेपणा किती, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. गावात आपल्याला चुगलखोर म्हणतील, बागवाले नाराज होतील, हे सगळे त्या दयेच्या पोटात दडलेले होते. शिवाय इसार देणारा कोण, हे उजेडात आणण्याचा एकमेव रस्ता त्या राखणदाराच्या जबानीतून जात होता. आणि तो रस्ता माझ्याच मौनाने बंद केला.

मौनाने किती नुकसान होते, याची एक गोष्ट आमच्याच जिल्ह्यातल्या एका घुबडाची आहे. मेळघाटच्या सागवानात रानपिंगळा राहतो. १८७२ साली ब्लेविट यांनी त्याचा पहिला नमुना मिळवला आणि पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याला शास्त्रात नाव दिले. १८८४ नंतर तो कोणाला मिळाला नाही. मग रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहात त्याचा एक नमुना निघाला. १९१४ साली गुजरातेत मिळवला, अशी त्यावर चिठ्ठी होती. पुढच्या संशोधकांनी तिकडेही शोध घेतला; हाती काही आले नाही. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ती चिठ्ठी खोटी ठरवली. तो पक्षी खानदेशात काम केलेल्या डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात मिळवलेला होता. माइनर्ट्‌झहागेनने तो संग्रहालयातून चोरून स्वतःच्या नावावर चढवला होता. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून, जुन्या खऱ्या नोंदी घेऊन मंडळी निघाली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. एकशे तेरा वर्षे गेली होती. पुढे तो मेळघाटातही आढळला.

माइनर्ट्‌झहागेन १९६७ साली मानसन्मानात वारला. त्याला कोणती शिक्षा झाली? तुरुंग नाही, दंड नाही. त्याची चोरी नावासकट जगापुढे मांडली गेली, एवढेच. पण त्या 'एवढ्या'नेच हरवलेल्या पक्ष्याचा माग लागला! माझे मौन म्हणजे तसलीच एक खोटी चिठ्ठी होती. 'इथे काही घडले नाही' असे तिच्यावर लिहिलेले होते.

दुसरी गोष्ट नागालँडची. वोखा जिल्ह्यात पांगती गावापाशी दोयांगचा जलाशय आहे. सायबेरियाकडून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे हिवाळ्याच्या तोंडावर तिथे उतरतात. २०१२ साली तिथल्या जाळ्यांत एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज बाहेर आला आणि सगळीकडे खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, तिथे एकही ससाणा जाळ्यात मारला गेला नाही. कायद्याचा धाक होताच. पण गावाने स्वतः बसून बंदीचा निर्णय घेतला आणि काल जाळी लावणारेच आज राखणीला उभे राहिले. हे मला आमच्या गाडगेबाबांच्या रीतीचे वाटते. बाबा कीर्तनात पशुबळीवर बोलत, तेव्हा शिव्याशाप देऊन थांबत नसत. प्रश्न विचारत आणि उत्तर समोर बसलेल्याच्या तोंडून काढून घेत. आपल्या तोंडून निघालेले उत्तर माणसाला सहसा मोडवत नाही.

म्हणून आता कोणी विचारले, तर मी असे सांगेन. पैसे मोजून पक्षी मारवून घेणाऱ्याला कायद्याची पूर्ण वर्षे भोगायला लावावीत. त्याच्या पाठीशी भुकेची सबब नाही. धरून देणाऱ्यालाही शिक्षा हवी. ती किती, हे न्यायासनाने ठरवावे. त्याची गरिबी तिथे सांगण्यासारखी आहे, ती लपवण्याचे कारण नाही. शिक्षा भोगून आल्यावर मात्र त्याच ढोलीखाली राखण त्याच्याकडे द्यावी. पण या दोन्ही शिक्षांच्या आधी एक गोष्ट व्हावी लागते: घडले ते घडले म्हणून कोणीतरी सांगावे लागते. ते सांगितले नाही, तर तीन वर्षे काय आणि सात वर्षे काय, पुस्तकातच राहतात.

आणि पाहून गप्प बसलेल्याला? त्याच्यासाठी कलम असेल वा नसेल. हा लेख मी शिक्षा म्हणून लिहिला आहे. पण तिने त्या घुबडाची भरपाई होत नाही, हे मला कळते.

तो मुलगा आता मोठ्या शाळेत गेला आहे. परवा बाजारात भेटला. मी त्याला थांबवून म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. घुबड मारलं त्या घरी लक्ष्मी येत नाही. आणि ज्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं, त्याच्याही घरी येत नसावी."

तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही पाहिलं होतं जी. मले वाटलं होतं, तुम्ही सोडवान."

यंदाची तसबीर अजून पुसायची आहे.