बंदा वेळ

"तुला वेळ कधी मिळतो गं?" दर केकमागे हा प्रश्न एकदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक बाईच असते आणि तिच्या स्वरात कौतुकाइतकीच शंकाही असते. बँकेतली नोकरी, डोंबिवली ते भायखळा रोजची लोकल, घरी सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी. एवढ्यातून हिला साखरेची गुलाबं वळायला सवड होते म्हणजे घरात कुठेतरी पाणी मुरत असणार. पोळ्यांना बाई आहे का, हा पुढचा प्रश्न. आहे. पण ती नेमकी दांडी मारते त्याच दिवशी कुणालातरी दोन मजली केक हवा असतो.

पूर्वी मी "काढायचा गं वेळ" असं उत्तर द्यायचे. आता देत नाही, कारण ते खोटं आहे. विहिरीतून पाणी काढावं तसा वेळ काढता येत नाही. दिवसात तो असतो तेवढाच, फक्त कुठल्या रूपात आपल्या हाती पडतो एवढाच प्रश्न. काही वर्षं मी कॅशच्या काउंटरवर बसत होते, म्हणून मला तो पैशांच्या भाषेतच कळतो. घर बाईला वेळ देतं, पण चिल्लर देतं. कुकरच्या दोन शिट्यांमधली पाच मिनिटं, मुलगी आंघोळीला गेली की दहा, कल्याण लोकलला बसायला जागा मिळाली तर चाळीस. दिवसाअखेर बेरीज केली तर रक्कम काही लहान नसते, पण तिच्यात बंदा रुपया एकही नसतो.

केकच्या कामाचं एक बरं आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त काम या चिल्लरीत भागतं. स्पंज सकाळी डबे भरता भरता ओव्हनमध्ये जातो. तो गार झाल्याशिवाय हात लावायचा नसतोच, आणि दुसऱ्या दिवशी तर तो जास्त नीट कापला जातो. ताज्याचा भुगा फार पडतो. गोठवलेलं व्हिपिंग क्रीम आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली काढून ठेवायचं, आपण झोपलो की ते आपलं काम करतं. गमपेस्टच्या पाकळ्या एकदा वळून ठेवल्या की दिवसभर वाळत बसतात. बटरक्रीममध्ये लाल रंग घातला तर लगेच गुलाबीच दिसतो. धीर न धरता आणखी ओतला की सकाळी रक्तासारखा गडद होतो आणि वर कडवट लागतो. हा धडा मी एका बारशाच्या केकवर शिकले. क्रीमचा पहिला पातळ थर, ज्याला क्रम कोट म्हणतात, तो देऊन केक अर्धा तास फ्रीजमध्ये गेला की तेवढ्यात भाजी फोडणीला पडते. केकलाच इतकं थांबायचं असतं की त्याच्या थांबण्यात संसार बसवता येतो.

मात्र शेवटचे दोन तास चिल्लरीत मिळत नाहीत. क्रीम फेटून त्याचं टोक ताठ उभं राहिलं की घड्याळ सुरू होतं. मे महिन्यात डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात तर ते पळतं. टर्नटेबल फिरत असतं, एका हातात स्क्रॅपर, आणि कड सरळ येऊ लागलेली असते. तेवढ्यात "आई, माझी कंपासपेटी कुठंय?" प्रश्न दहा सेकंदांचा, उत्तरही तेवढंच. पण हात थांबलेला असतो, थांबल्या जागी क्रीमवर रेघ उठलेली असते. पायपिंग बॅगचं तर आणखी विचित्र. तळहाताचा दाब एकसारखा ठेवून नोझल किंचित उचलायचं, सोडायचं, पुन्हा टेकवायचं. शिंपल्यांची किनार अशी एका श्वासात जाते. मध्ये दार वाजलं तर पुढचा शिंपला मागच्याचा सख्खा भाऊ राहत नाही, चुलत होतो. बघणाऱ्याला कळत नाही. मला कळतं.

म्हणून माझे बंदे तास रात्री साडेदहानंतरचे. वेळ सापडला असं नाही, झोपेची नोट मोडली. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही, दुसऱ्या दिवशी व्हाउचर तपासताना आकडे डोळ्यांपुढे पोहतात.

2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची सरकारी पाहणी झाली. घरकामात असलेल्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97, असं त्यातून निघालं. हे आकडे बऱ्याच जणींनी ऐकले असतील. मला जास्त रस वाटला तो मोजण्याच्या रीतीत. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार असा दिवस धरायचा, त्याचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडायचे, आणि तुकड्यात दहा मिनिटं तरी चाललेली कामं लिहायची. कंपासपेटी शोधून देणं यात कुठे बसणार? दहा मिनिटांच्या आतली चिल्लर वहीत चढतच नाही. पाहणी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मोजायला कुठेतरी रेघ मारावी लागते. पण माझी शिंपल्यांची किनार बिघडते ती नेमकी या न लिहिलेल्या कामांनी.

माझी आजी संक्रांतीचा हलवा घरी करायची. थंडीच्या पहाटे मंद शेगडीवर परात, तिच्यात खसखस नाहीतर तीळ, वरून चमच्याने थेंब थेंब पाक आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. तीन-चार दिवसांनी दाण्यांना काटे फुटायचे. मग सुईदोऱ्याने त्या हलव्याचे हार, बाजूबंद, मुकुट. नव्या सुनेच्या काळ्या साडीवर घालायला, बाळाच्या बोरन्हाणाला. एकदा घालायचे, फोटो काढायचा, मग मुंग्या. इतकं नाजूक, वेळखाऊ आणि तसं पाहिलं तर निरुपयोगी काम, पण "तुम्हाला वेळ कधी मिळतो?" असं आजीला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. करंजीची मुरड, मोदकाच्या पाकळ्या, रुखवतातला साखरेचा बंगला यांचंही तेच. तो वेळ आजीचा नव्हता, सणाचा होता. पंचांगाने तो आधीच मंजूर केलेला असायचा.

यावरून जुने दिवस चांगले होते असं म्हणायचं नाही. हलव्यापायी आजीच्या भाकऱ्या कमी झाल्या नव्हत्या, ती फक्त आणखी लवकर उठायची. पण तिला सबब सांगावी लागत नव्हती. माझ्या टर्नटेबलला पंचांगात जागा नाही. रात्री बारा वाजता मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर फुलपाखरं चिकटवत असताना सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि म्हणाल्या, "विकत आणला असतास तर निजली असतीस गं." मायेनेच म्हणाल्या, म्हणूनच लागलं. बोलणं बरोबर होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर ऑर्डरींनी दिलं. आधी मैत्रिणींच्या, मग मैत्रिणींच्या मैत्रिणींच्या. अन्न परवान्याची नोंदणी केली, घरगुती उद्योगासाठी तिची फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. ते प्रमाणपत्र फ्रिजच्या दारावर लावलं आणि घरातली हवा बदलली. "ऑर्डर आहे" म्हटलं की नवरा टीव्हीचा आवाज कमी करतो. मुलगी कंपासपेटी स्वतः शोधते. सासूबाई फोनवर नणंदेला सांगतात, "नंतर बोल, तिची ऑर्डर चाललीय." त्याच दोन तासांना हौस म्हटलं की ते सगळ्यांचे, ऑर्डर म्हटलं की माझे. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते असंही खरं आहे. आणि हिशेब मांडला तर ऑर्डरीलाही फारसं नाहीच. क्रीम, प्रीमिक्स, खोके, गॅस वजा जाता उरतं ते तासांवर वाटलं तर पोळ्यांच्या बाईंपुढे मान खाली घालावी लागेल. "घरीच तर करता, थोडे कमी करा ना" म्हणणारं गिऱ्हाईक वेगळंच. कधीकधी वाटतं, मी केक विकत नाहीच. केकच्या पैशांनी माझेच दोन तास घरच्यांकडून विकत घेते.

अख्खी नोटच या कामावर लावणारी माणसंही आहेत. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी वित्त क्षेत्रातली नोकरी सोडली, इंग्लंडमध्ये एडी स्पेन्स यांच्याकडे रॉयल आयसिंग शिकल्या, अंड्याशिवायचं आयसिंग वापरून मिलानच्या कॅथेड्रलवरून सुमारे 100 किलोची कलाकृती उभी केली. तिचे फोटो मी लोकलमध्ये बोटांनी मोठे करून करून पाहिले. शेजारची बाई मटार सोलत होती. "हे खायचं आहे?" तिने विचारलं, आणि तीन-चार शेंगा माझ्या मांडीवरही ठेवल्या. मी सोलल्या. नोकरी सोडायचा विचार कल्याणच्या आधीच, डोंबिवलीला उतरताना संपला. मला तेवढं नको आहे. कर्जाचे हप्ते आहेत हे एक, आणि दुसरं म्हणजे मला बँक आवडते.

गेल्या शनिवारी ऑर्डर नव्हती. एका केकचं क्रीम थोडं उरलं होतं. स्टीलचा डबा पालथा घातला आणि त्याच्या कडेने किनार घालायला घेतली. गोल पूर्ण झाला की पॅलेट नाइफने खरवडून पुन्हा बॅगेत. क्रीम रवाळ होईपर्यंत असं चार-पाच वेळा चालतं. तिसऱ्या फेरीला नवरा दारात येऊन उभा राहिला. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचाच नाही."

"मग ऑर्डर?"

"नाही."

तो थोडा वेळ थांबला. काहीतरी विचारायचं होतं, बहुधा पाण्याच्या बिलाचं. मी किनार खरवडली आणि पुन्हा पहिल्या शिंपल्यापासून सुरुवात केली.