परसातील अळी व आपला न्याय

फाल्गुन सरत आला म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, पळस फुलतो, आंब्यास कैऱ्या धरू लागतात व निंबास नवी पालवी येते. ह्याच दिवसांत आपल्या परसातही एक लहानसे जग जागे होते. शेवग्याच्या फुलांवर मधमाश्या घुमतात, गोडलिंबाच्या कोवळ्या पानांवर फुलपाखरू अंडी घालते, वालाच्या शेंड्यांवर मावा दाटतो. सकाळी झाडांस पाणी घालणाऱ्यापुढे तेव्हा प्रश्न उभा राहतो : ह्यांतील कोणास राहू द्यावे व कोणास मारावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या रीतीने आपण तो सोडवितो, त्याच रीतीने आपण पुष्कळदा मनुष्यांचाही न्याय करितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वालास मावा लागला. त्यात काळसर, खरबरीत, नारिंगी ठिपक्यांच्या, दिसण्यात ओंगळ अशा अळ्या फिरताना आढळल्या. नासाडी करणाऱ्या ह्याच, असे ठरवून आम्ही दहाबारा चिरडल्या. पुढे आठ दिवसांत मावा वेलभर पसरला. मागून कळले की, त्या अळ्या पान खातच नव्हत्या. काळ्या ठिपक्यांचा जो तांबडा, वाटोळा ढालकिडा मुले हौसेने तळहातावर घेतात, त्याचेच ते बाळरूप. आणि मावा हाच त्याचा आहार. सन १८८८-८९ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागा एका पांढऱ्या किडीने बुडू लागल्या, तेव्हा ह्याच कुळातील किडे ऑस्ट्रेलियातून आणून सोडले व बागा वाचल्या. लोकांनी ज्यास समुद्रापलीकडून आणविले, त्यास आम्ही आपल्या अंगणात चिरडले! आमचा अपराध क्रूरपणाचा नव्हता, उतावळेपणाचा होता. पण मेलेल्यास त्यात काय भेद?

कोणी म्हणेल, सर्वच किडे मित्र नसतात. खरे आहे. गोडलिंबावरील अळी पाने खातेच. प्रथम ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते, आणि डिवचली असता डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. परंतु फुलपाखरू होते ते तिचेच. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली राणी पाकोळीस राज्याच्या फुलपाखराचा मान दिला. तिची अळीही लिंबाच्या कुळातील पानांवरच वाढते. तेव्हा पाकोळी हवी आणि अळी नको, हे कसे चालेल? झाड मोठे असेल तर दहा पानांनी त्याचे काही अडत नाही; तेथे क्षमा करावी. रोप वीतभर असेल तर थोड्याच अळ्या त्यास उघडे पाडितील. तेथे त्या वेचून मोठ्या झाडावर ठेवाव्या, आणि तसे झाड नसेल तर माराव्या. दुर्बळाचे रक्षण करणे हीही दयाच होय. ज्यास झळ सोसण्याची शक्ती आहे त्याने ती सोसावी, एवढाच ह्यातील नियम.

सरसकट विष फवारणे हे मात्र न्याय न करण्याचेच दुसरे नाव आहे. ते मावा व ढालकिडा, अळी व मधमाशी ह्यांस एकच शिक्षा देते, आणि पुष्कळदा फवारणाऱ्यासही सोडीत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करिताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर मरण पावले, हे वऱ्हाडात कोण विसरला आहे?

गावातही असेच घडते. एखाद्याचे तोंड ओळखीचे नाही, वेष मळका आहे, आणि नेमकी त्याच दिवशी कोणाची वस्तू हरवली. एवढ्यावरून आपण निकाल देतो. तो अपराधाजवळ दिसला, म्हणून अपराध त्याचा! आमच्या वालावरील अळीचाही दोष एवढाच होता.

म्हणून वाचकहो, उद्या सकाळी पानावर काही हलताना दिसले तर हात उचलण्यापूर्वी घटकाभर खाली बसावे, आणि ते काय खाते हे पाहावे.